कालेयातला म्हातारा आणि त्याचा शेजारी

ओटिली ग्रेबनर हे नाव कोणत्याही तारकासूचीत सापडणार नाही. आमच्या वेधशाळेने १९७० साली छापलेल्या सूचीत कालेय तारकासमूहातल्या एका तांबड्या ताऱ्याची ओळ आहे, आणि त्या ओळीखाली बारीक ठशात 'ओ. ग्रे.' एवढीच अक्षरे आहेत. त्या अक्षरांमागे बत्तीस वर्षांचे काम आहे आणि ते दोनदा केलेले आहे. दुसऱ्यांदा ते का करावे लागले हे ठाऊक असलेली मी आता एकटीच उरले आहे. ते करावे लागण्याला कारणही मीच झाले होते.

मी पूर्व जर्मनीतल्या येना विद्यापीठातून पदवी घेऊन वेधशाळेत आले ती १९५७ च्या शरदात. काचांची खोली उत्तरेच्या अंगाला होती. भिंतीभर लाकडी कपाटे, कपाटांत पुठ्ठ्याच्या पाकिटांत उभ्या रचलेल्या फोटोच्या काचा, कोपऱ्यात कोळशाची शेगडी. जुना कागद, जिलेटिन आणि तपकिरी कोळशाचा धूर यांचा मिळून जो वास तिथे होता तो मला अजूनही कधी कधी स्वप्नात येतो. ताऱ्यांचे काम रात्री चालते असे लोक समजतात. आकाश निरभ्र असेल तेव्हा वरच्या घुमटातले कॅमेरे रात्री तेच ते आकाशाचे तुकडे काचेवर टिपत, हे खरे. पण आमच्या खोलीत काम सकाळी साडेसातला सुरू होई आणि दुपारी चारला संपे. काचेवर सगळे उलटे दिसते. आकाश फिके, तारे काळे. तारा जितका तेजस्वी तितका ठिपका मोठा आणि गडद.

खिडकीपाशी एक त्रेचाळीस वर्षांची बाई बसली होती. अंगावर राखी रंगाचा कामाचा डगला, मनगटांवर काळ्या बाह्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही येनाहून आलात ना? बरं झालं. ताऱ्याच्या पोटात काय चाललंय ते तुम्ही सांगा, बाहेरून तो कसा दिसतो ते मी सांगते. दोघी मिळून एक अख्खा माणूस होईल."

ग्रेबनरबाई लाउशा या काचकामाच्या गावच्या. त्यांचे वडील बाहुल्यांचे काचेचे डोळे फुंकत. आमच्या डोंगरात हा धंदा घराघरात होता. फुंकायचे बापाने आणि जोड्या लावायच्या मुलांनी. एका रंगाचे म्हणून केलेले दीडशे डोळे कधीच एका रंगाचे नसतात. त्यांतून ज्या दोन डोळ्यांची बुबुळे अगदी सारखी, त्यांची जोडी लावायची. ओटिली सहा वर्षांची असल्यापासून उत्तरेच्या खिडकीत बसून हे करत होती. पहिल्याच हिवाळ्यात तिने एक चूक केली. वडिलांनी एक नमुन्याचा निळा डोळा दिला होता. दर जोडीला तो डबीतून काढावा लागे, परत ठेवावा लागे. म्हणून तिने सोय केली. नमुना बाजूला ठेवला आणि प्रत्येक नवी जोडी आधीच्या जोडीशी ताडून लावत गेली. प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीसारखी हुबेहूब होती. संध्याकाळी वडिलांनी पहिली जोडी आणि शेवटची जोडी उचलून तिच्या तळहातावर शेजारी ठेवली. पहिली निळी होती, शेवटची राखी.

"रागावले का?" मी विचारले.

"रागावले असते तर मी विसरून गेले असते," ग्रेबनरबाई म्हणाल्या. "एक शब्द बोलले नाहीत. कॉफी प्यायला निघून गेले. मी तळहात तसाच धरून बसले."

सदतीस साली वेधशाळेला रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता डोळ्याने अंदाजणारी माणसे हवी होती. काही तारे एकसारखे तळपत नाहीत. महिनोन्महिने उजळत जातात, मग मंदावतात, पुन्हा उजळतात. त्यांची तेजस्विता मोजायची रीत सोपी आणि निर्दय आहे. ताऱ्याच्या शेजारचे दोन स्थिर तारे घ्यायचे, एक थोडा अधिक तेजस्वी, एक थोडा मंद, आणि आपला तारा त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते पायऱ्यांत सांगायचे. इतर उमेदवार विद्यापीठातले होते. ग्रेबनरबाई आठवी शिकलेल्या होत्या, परंतु त्यांना निवडले गेले, कारण तीच काच आठवड्याभराने न सांगता पुन्हा पुढे ठेवली, तेव्हाही त्यांनी तोच अंदाज दिला.

त्यांचा स्वतःचा एक नियम होता. कालचा आकडा पाहून आजचा अंदाज करायचा नाही. काच प्रकाशपेटीवर ठेवायची, भिंगातून वरचा शेजारी पाहायचा, आपला तारा, खालचा शेजारी. एका श्वासात आकडा लिहायचा आणि काच उचलायची. मी सुरुवातीला दोनदा, तीनदा पाहत असे. त्या भिंगावरून डोळा न उचलता म्हणत, "डॉक्टरबाई, दुसऱ्यांदा डोळा पाहत नाही, मन पाहतं. आणि मनाला पगार वेधशाळा देत नाही."

त्यांच्या वाट्याला पंचाहत्तर तारे होते. पण त्यांतला एक त्यांचा म्हणावा असा होता. कालेयातला हा तांबडा तारा आमच्या आकाशात कधी मावळत नाही, त्यामुळे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात त्याची काच मिळे. साधारण तीनशे अठरा दिवसांत तो एकदा उजळून मंद होई. त्याला त्या 'म्हातारा' म्हणत. ज्या दोन ताऱ्यांशी त्याला ताडायचे, त्यांतल्या मुख्य ताऱ्याचे सूचीतले नाव 'ब' एवढेच होते. ग्रेबनरबाई त्याला 'शेजारी' म्हणत आणि इतर कुणाहीपेक्षा त्याच्यावर त्यांचा अधिक विश्वास होता. "म्हातारा लहरी," त्या म्हणत, "पण शेजारी सरळ माणूस आहे."

दहाच्या कॉफीला त्या मला माझ्या अर्ध्या माणसाची आठवण करून देत. "हं, सांगा. पोटात काय?"

मी सांगे. थंड वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग असतो. तो स्वतःच्याच वजनाने आत दबत जातो, दबतो तसा तापतो, आणि मधला गाभा पुरेसा तापला की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तिथून तो तारा. मग अब्जावधी वर्षे काही घडत नाही.

"काही घडत नाही म्हणजे संसार नीट चाललाय," ग्रेबनरबाई म्हणत. "आणि मोठा तारा जास्त वर्षं टिकत असेल."

"उलट. मोठा लवकर संपतो. वजन जास्त म्हणून गाभा जास्त तापतो, आणि इंधन कितीतरी पटींनी भराभर जळतं. शेवटी स्फोट होऊन फुटतो. छोटा जपून जळतो."

"आमच्या लाउशातही तसंच. ज्याच्या भट्टीला जास्त लाकूड, तो आधी दिवाळखोर. आणि म्हातारा? तो मोठ्यातला का छोट्यातला?"

"मधला. आपल्या सूर्यासारखा. गाभ्यातला हायड्रोजन संपलाय, राख साठलीय. राखेच्या भोवतीचं कवच जळतंय. त्यामुळे तो फुगून तांबडा झालाय, आणि एवढा फुगलेला देह स्थिर राहत नाही; आत-बाहेर होत राहतो. तुम्हाला दिसतो तो त्याचा श्वास."

त्यांनी पावावरचे लोणी पुसून घेतले आणि म्हणाल्या, "मग श्वास मोजायचं काम नीट केलं पाहिजे."

श्वास बदलतो आहे हे त्यांच्या ध्यानात प्रथम कधी आले ते मला माहीत नाही. कारण कालचे आकडे न पाहण्याचा नियम त्या दर महिन्याच्या शेवटापर्यंत पाळत. पण १९६५ च्या सुमारास वहीवर स्पष्ट दिसू लागले की म्हातारा प्रत्येक वेळी वेळेच्या थोडा आधी उजळतो. तीनशे अठराऐवजी तीनशे दहा, तीनशे, मग दोनशे त्र्याण्णव. आमचे प्रमुख डॉ. एगॉन टिलेमान यांनी वही उलटीसुलटी पाहिली. टिलेमान कोरडे, कष्टाळू आणि न्यायी गृहस्थ होते. त्यांच्या न्यायाला ऊब नव्हती, इतकेच.

"तारे घाई करत नाहीत, ग्रेबनरबाई. लाखो वर्षांत बदलणारी गोष्ट तुमच्या नोकरीच्या काळात बदलली म्हणता?"

"मी काही म्हणत नाही, साहेब. मी आकडे लिहिते. म्हणायचं काम म्हाताऱ्याचं."

"डोळे तपासून घ्या," ते म्हणाले, आणि तपासणीचा कागद येईपर्यंत त्यांनी तो विषय बाजूला ठेवला. डोळे उत्तम निघाले. तरी सूचीत ही ओळ जाणार की नाही याचा निर्णय त्यांनी राखून ठेवला. सूचीचे हस्तलिखित एकोणसत्तरच्या नाताळापर्यंत छापखान्याला द्यायचे होते.

आता माझ्याविषयी सांगणे भाग आहे. सहासष्ट साली वेधशाळेला प्रकाश मोजणारे विजेचे यंत्र मिळाले आणि ते माझ्या हवाली झाले. डोळ्याने अंदाजलेल्या ताऱ्यांचे शेजारी तारे यंत्राने पक्के मोजून ठेवायचे, असे माझे काम होते. सदुसष्टच्या मे महिन्यात मी 'ब' मोजला. जुन्या नोंदीपेक्षा तो अर्ध्या प्रतीने, म्हणजे तेजाच्या एक तृतीयांशाहून अधिक, मंद निघाला. मी यंत्र तपासले. पुन्हा मोजला. मग जुन्या काचा काढून पाहिल्या. संशय उरला नाही. 'ब' स्थिर नव्हता. तीस वर्षांत तो हळूहळू, लपत-छपत मंदावत आला होता, आणि मधून थोडा डुलतही होता.

याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. ग्रेबनरबाईंचा प्रत्येक आकडा या शेजाऱ्यावर उभा होता. मी तो कागद खणात ठेवला आणि अकरा दिवस गप्प राहिले. त्या अकरा दिवसांचे समर्थन मी कधी शोधले नाही, कारण ते नाही. त्या रोज समोर बसत होत्या, पावाचा अर्धा तुकडा माझ्यापुढे सरकवत होत्या, आणि मी स्वतःला सांगत होते की यंत्राची आणखी एक खातरी करून घेऊ. माणूस खोटे बोलण्याआधी बहुधा काळजीपूर्वक वागू लागतो.

बाराव्या दिवशी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला. भिंग डब्यात घातले, डबा बंद केला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस माझा लोणी-पाव खाल्लात आणि तोंड उघडलं नाहीत?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "चांगलं शिकवलं येनाने."

मी क्षमा मागू लागले. त्यांनी हात वर केला. "क्षमा नंतर. आधी काच. सदतीसची पहिली काढा आणि या महिन्यातली शेवटची."

मी दोन्ही काचा आणल्या. त्यांनी त्या प्रकाशपेटीवर शेजारी शेजारी ठेवल्या. भिंगाची गरजही नव्हती. एका काचेवर 'ब' चा ठिपका मोहरीएवढा ठसठशीत, दुसऱ्या काचेवर खसखशीएवढा. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी उजवा तळहात उघडून मांडीवर ठेवला, जणू त्यावर काही ठेवले जाणार होते.

"सहा वर्षांची होते तेव्हा केलं ते समजण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा तेच?"

टिलेमान यांनी ऐकून घेतले. त्यांनी उपहास केला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. "मोजपट्टीच आखडत आणि लांबत होती," ते म्हणाले, "तर कापड किती वार ते कसं सांगणार? घाई करणारा म्हातारा नसेल, डुलणारा शेजारी असेल. ही ओळ मी सूचीत घेऊ शकत नाही. ग्रेबनरबाई, इतर चौऱ्याहत्तर तारे आहेत. ते उत्तम आहेत."

"काचा जागेवर आहेत ना?" ग्रेबनरबाईंनी विचारले.

"कुठे जाणार?"

"मग आकडे गेले, तारा गेलेला नाही. पुन्हा बघते. नवीन शेजारी घेऊन."

"एक हजार आठशे साठ काचा आहेत!"

"मोजल्यात मी. एकदा तीस वर्षं लागली. या वेळी दोन हिवाळे द्या. माझ्या वेळेत बघेन, दुपारी चारनंतर आणि शनिवारी."

"आणि तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे," टिलेमान म्हणाले. "म्हाताऱ्याचा श्वास आखूड होतोय असं तुमच्या मनात बसलंय. तुमचा डोळा तेच दाखवील."

या आक्षेपात तथ्य होते आणि त्या ते जाणून होत्या. तेव्हा असे ठरले: यंत्राने वर्षभर तपासलेले दोन नवे तारे शेजारी म्हणून घ्यायचे; मी प्रत्येक काचेवरची तारीख काळ्या कागदाच्या पट्टीने झाकायची, काचा पत्त्यांसारख्या पिसायच्या, प्रत्येकीला नवा क्रमांक द्यायचा; आणि कोणता क्रमांक कोणत्या तारखेचा याची यादी टिलेमान यांच्या तिजोरीत राहायची. ग्रेबनरबाईंना कोणती काच चाळीस सालची आणि कोणती गेल्या महिन्यातली हे कळता कामा नये.

तिसऱ्याच दिवशी त्यांनी एक काच उचलली, भिंग लावले नाही, आणि ती वेगळी ठेवली.

"काय झालं?" मी विचारले.

"ही पंचेचाळीसच्या फेब्रुवारीतली. कोपऱ्याला हा तडा आहे ना, तो मीच पाडला. त्या दिवशी पोस्टमन आला होता." पोस्टमनने काय आणले होते ते मला ठाऊक होते, त्यांचे यजमान पूर्वेकडच्या आघाडीवर बेपत्ता झाल्याचे पत्र. त्या पुढे म्हणाल्या, "ही चालायची नाही. मला तारीख माहीत आहे."

"पण यादीत आहे ती."

"यादीतून काढा. ओळखलेली काच म्हणजे वाचलेलं पत्र."

त्या दोन हिवाळ्यांत त्यांनी अशा दोनशे बारा काचा वेगळ्या केल्या. कुणावर ओरखडा, कुणावर बोटाचा ठसा, कुणाच्या कडेला धुताना राहिलेला चंद्रकोरीसारखा डाग. तीस वर्षे त्यांनी त्या हाताळल्या होत्या. काही काचा त्यांना माणसांसारख्या आठवत. स्वच्छ आणि नेमक्या असलेल्या कित्येक उत्तम काचा अशा रीतीने गेल्या. कोणी तसे करा म्हटले नव्हते. हे कळल्यावर टिलेमान खोलीत आले. "ग्रेबनरबाई, हे कोणी मागितलं नव्हतं."

"म्हणून तर," त्या भिंगावरून डोळा न उचलता म्हणाल्या.

त्या हिवाळ्यांची आठवण आली की मला आज दिसतात त्या शेगडीवर भाजणाऱ्या सफरचंदांच्या फोडी, काळ्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग, आणि साडेचारलाच अंधारणाऱ्या खिडकीपाशी प्रकाशपेटीच्या पांढऱ्या चौकोनावर वाकलेला त्यांचा चेहरा. दर दहाव्या काचेनंतर त्या डोळे मिटून पन्नासपर्यंत अंक मोजत. आम्ही फारशा बोलत नसू. ते अकरा दिवस आमच्यामध्ये होते, पण पाव पुन्हा अर्धा होऊन माझ्यापुढे येऊ लागला होता, आणि एका शनिवारी त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर माफ करण्यासारखं काही उरलंच नसतं. बाराव्या दिवशी सांगितलंत म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवते. एवढं भ्यायल्यावरही सांगणारं माणूस कामाचं असतं."

एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात तिजोरी उघडली. मी तीन आठवडे आकडे तारखांनी लावले आणि आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या जोडून ओवरीत जमिनीवर अंथरल्या. खोलीत मावत नव्हत्या. जुनी रेषा शिसपेन्सिलीची, नवी शाईची. ग्रेबनरबाईंनी त्या दिवशी आलुबुखाराचा केक आणला होता. "जिंकलो तर खाऊ," त्या म्हणाल्या, "हरलो तरी टाकून थोडाच देणार?"

टिलेमान गुडघ्यांवर बसले. ओवरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते रांगत गेले, हातात मोजपट्टी घेऊन. उंची चुकलेली होती. जुनी रेषा शेवटाकडे नव्या रेषेपासून अर्ध्या प्रतीने वर तरंगत होती. तेवढी शेजाऱ्याची लबाडी. पण शिखरांच्या तारखा? शेजारी हळूहळू मंदावला होता, म्हाताऱ्याचा श्वास त्यापेक्षा कितीतरी खोल होता. शिखर वर-खाली झाले होते, जागेवरून हलले नव्हते. सगळी पस्तीस शिखरे चार दिवसांच्या आत जिथल्या तिथे होती. आणि ती एकमेकांच्या जवळ जवळ येत चालली होती. शेवटची दोन दोनशे एकोणनव्वद दिवसांच्या अंतराने.

ते उठले, गुडघे झटकले. "तारे घाई करत नाहीत असं मी म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"कारण माहीत नाही असं छापायला मला आवडत नाही."

"मग तारखा छापा, साहेब. कारण येईल त्याच्या सवडीने."

त्यांनी केकचा तुकडा उचलला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि 'ब' नवा रूपविकारी तारा म्हणून जाईल. शोध कुणाच्या नावावर?" मी ग्रेबनरबाईंचे नाव सांगितले. बाईंनी ते तिथेच तोडले. "छे. तीस वर्षं मी रोज त्याचं तोंड पाहिलं आणि मला काही दिसलं नाही. शोधणाऱ्याचं नाव लागतं, न पाहणाऱ्याचं नाही. यांचं लावा." म्हणून त्या सूचीत माझे नाव पूर्ण आहे आणि त्यांची दोन अक्षरे आहेत.

चौऱ्याहत्तर साली त्या निवृत्त झाल्या. मोतीबिंदू वाढत गेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या घरी बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांच्या जेवणाला जाई. ते गोळे त्या डोळे मिटून वळत, आणि सगळे एका मापाचे होत. ब्याऐंशीच्या अशाच एका रविवारी माझ्या पिशवीत एक परदेशी नियतकालिक होते. त्यात म्हाताऱ्याचे नाव नव्हते, पण त्याच्यासारख्या ताऱ्यांचे गणित होते. जेवण झाल्यावर मी ते त्यांना सांगितले.

"राखेचा गाभा आहे ना, त्याच्यावर दोन कवचं जळतात. बाहेरचं हायड्रोजनचं, आतलं हेलियमचं. आतलं बहुतेक काळ विझल्यासारखं असतं. साठत साठत जातं आणि हजारो वर्षांतून एकदा भडकतं. त्या भडक्याने वरचं कवच ढकललं जातं, थंडावतं, जवळपास विझतं. आतला भडका वरपर्यंत लगेच पोचत नाही. त्यामुळे बाहेरून तारा थोडा मंद होतो आणि आकसतो."

"आणि आकसलेला देह श्वास भराभर घेतो," त्या म्हणाल्या. "लहान घंटा लवकर लवकर वाजते."

"तेच. आकसणं काही शतकं चालतं. तुम्ही नेमक्या त्या वेळेत बसला होतात."

त्यांनी बशी जवळ ओढली. मग विचारले, "म्हणजे मरतोय का तो?"

"मरायला लागलाय. असे आणखी काही भडके होतील. बाहेरचं अंग वायू होऊन निघून जाईल, धुक्यासारखं पसरेल. मध्ये उरेल पृथ्वीएवढा पांढरा, तापलेला गोळा. तो मग नुसता निवत जाईल. त्या धुक्यातून पुढे केव्हातरी दुसरे तारे होतील."

"भट्टी बंद झाली की काच शेवटची निवते," त्या म्हणाल्या. "आणि सगळं व्हायला किती दिवस?"

"लाखभर वर्षं."

त्या एवढ्या हसल्या की बशी हलली. "मग डॉक्टरबाई, भांडी आज नाही घासली तरी चालतील."

एकोणनव्वदच्या वसंतात त्या गेल्या. लाउशाच्या वरच्या दफनभूमीत, जिथून वेधशाळेचा घुमट दिसत नाही, तिथे त्या आहेत. वेधशाळेतल्या काचा आता एक यंत्र वाचते; दिवसाला शेकडो वाचते, आणि कोणतीही काच ते ओळखत नाही. म्हाताऱ्याचा श्वास अजून आखूड होतो आहे. गेल्या वर्षी दोनशे एकेचाळीस दिवस.

त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक पानावर जुना आकडा एका बारीक रेषेने खोडलेला आहे, वाचता येईल असा, आणि शेजारी नवा. शेवटच्या वहीत १९७१ च्या सप्टेंबरात पानभर आडवी रेघ मारलेली आहे आणि तिच्याखाली लिहिले आहे: "उजवा डोळा आता भरवशाचा नाही. यापुढचे आकडे घेऊ नयेत. ओ. ग्रे." नोकरीची तीन वर्षे बाकी होती, म्हणून त्या रेघेखालीही त्यांनी रोज काचा पाहिल्या आणि आकडे लिहिले, रेघेविषयी मात्र कुणाला सांगितले नाही. त्या वारल्यानंतर मी रेघेखालचे आकडे यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिले. पहिल्या चौदा महिन्यांचे सगळे बरोबर होते. माझ्या कोणत्याही लेखात मी ते वापरलेले नाहीत.